ओघळीत आडवा पडलेला हिवर

आज सकाळी धुकं पडलंय. कार्तिकातलं विरळ धुकं, ऊन लागलं की विरून जाणारं. अंगभर दव आहे. मोडनिंबकडं जाणारी छोटी आगगाडी मघाशी शिट्टी घालत गेली. आवाज आला, पण दिसली काही नाही.

मी हिवर बोलतोय, बाभळीच्या भावकीतलं काटेरी झाड. उभा नाही, आडवा. माळावर बिरोबाची राई आहे. तिच्या मधून एक ओघळ जाते. त्या ओघळीवर मी उताणा पडलोय.

माझा जन्म कधीचा ते मला सांगता यायचं नाही. कुणा मेंढरानं शेंग खाल्ली असेल, लेंडीतून बी पडलं असेल, तोच मी. मानमोडीच्या साथीत गावातली माणसं घरं सोडून माळावर राहायला आली, तेव्हा माझी सावली चांगली चार खाटांची होती. देवाचं झाड म्हणून मला कुणी कुऱ्हाड लावली नाही. राईतलं लाकूड घरच्या चुलीत घालायचं नाही, ते देवाच्याच चुलीला जायचं, अशी इथली रीत. माणसं ती अजून पाळतात. वाईट कुणीच नव्हतं हो, हेच मला लागून राहिलंय.

गवत पेटवलं की पुढच्या साली दाट फुटतं, असं इकडं सगळेच मानतात. एका चैत्रात माळाचं गवत पेटवलं आणि दुपारी वारं फिरलं. आग राईत शिरली. पेटवणारा कोण ते मी पाहिलंय. पण तोच पुढं रडत रडत आगीवर माती टाकत होता, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

आम्ही उभ्या उभ्या जळालो. माझा बुंधा लई दिवस आतल्या आत धुमसत होता. मग एका वावटळीत मी कोसळलो. माझ्यासारखे कितीतरी कोसळले. सगळं रान काळं, आणि मधे बिरोबाचा शेंदरी दगड उघडा पडलेला.

ते बघून गाव हळहळलं. राईची राखण करणारा धोंडीराम म्हणाला, "देवाचं अंगण असं मसणावाणी ठिवायचं व्हय? चला, साफ करू." बैल जुंपले. काळी खोडं ओढून देवळापाशी रचली. ढलपीसुद्धा कुणी घरी नेली नाही. सगळं देवाच्या भंडाऱ्याला, गावजेवणाच्या चुलींत जाळलं. माझे सोबती एकदा आगीत जळाले, दुसऱ्यांदा भक्तीत.

मलाही दोन जोड्या जुंपल्या होत्या. मी ओघळीत रुतलेला. दोर तुटला, बैल गुडघ्यांवर आले. धोंडीराम घाम पुसत म्हणाला, "उभा हुता तवा गरीब हुता. मेल्यावर माजलाय बग!" आणि मला सोडून गेले.

मग त्या झाडलेल्या रानात त्यांनी रोपं लावली. बायांनी डोक्यावरून पाणी आणलं. पण आडोसाच उरला नव्हता. पावसानं राख आणि माती दोन्ही वाहून नेली, उन्हानं रोपं करपली, राहिलेली शेरडांनी खाल्ली. मी पडल्या पडल्या बघत होतो.

माझ्यापाशी मात्र ओघळीचं पाणी अडायचं. गाळ साचला. माझ्या वाळक्या काट्यांत शेरडू तोंड घालीना. तिथं हिवराची पोरं उगवली. बोर आलं, पळस आला. आता ती गुडघ्याएवढी आहेत. माझं म्हणण्यासारखं जगात तेवढंच राहिलंय.

आज धुक्यातच धोंडीराम बैल घेऊन आला. भंडारा जवळ आलाय, सरपण हवंय. यंदा एकच जोडी आणली. बरोबरच आहे, वाळवीनं मला आतून पोखरलंय.

माझी शेजारीण मायाक्का. धनगराची बाई. मेंढरं घेऊन परमुलखात जायच्या आधी तिचा तळ दरसाल माझ्या शेजारी पडतो. ती आली आणि माझ्यावर बसली.

"उठ मायाक्का, देवाचं काम हाय."

"मग मी काय सैतानाचं करतिया? खाली बग की जरा."

धोंडीराम वाकला. लई वेळ वाकलेलाच राहिला.

"ह्ये कुणी लावलं?"

"कुणी न्हाय."

"आमी एवढं पाणी घातलं, एक बी जगलं न्हाय."

"मला काय ठावं, दादा. हितं ह्यो पडलाय तर हाय, तितं साफ केलं तर न्हाय. एवढं दिसतंय."

"आन् भंडाऱ्याला सरपण?"

"माझ्या तळावरच्या शेणी ने. देवाला काय धुराचा वास कळतुया?"

धोंडीरामानं दोर गुंडाळला. जाता जाता रिकाम्या माळाकडं बघून थांबला. म्हणाला, "औंदा ऱ्हाऊ दे. पर म्होरल्या साली थोरला भंडारा हाय. पंच इचारतील, तवा माझं चालायचं न्हाय."

बाबांनो, रान जळालं तर रडा, पण पडलेल्यांना लगेच उचलू नका. आम्हाला अजून थोडं काम असतं. हे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण तेव्हा मी नुसता पडून राहिलो, आणि सोबती गेले.

पोरं माझ्या आडव्या खोडाच्या वर, शेरडांच्या तोंडाबाहेर जायला अजून दोन-तीन पावसाळे लागतील. तोवर मी पुरेन का, ठाऊक नाही. रोज थोडा हलका होतोय.

ऊन वर आलं. मायाक्कानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं, मेंढरं पुढं लावली. मग एकटीच माघारी आली. माझ्या सालीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आमी येईस्तवर हितंच पडून ऱ्हा, म्हाताऱ्या. कुणी ओढाय आलंच, तर जड हो."