तळाला लागलेले बटाटे

"हे ते नाहीत," असं म्हणून सासूबाईंनी ताटली माझ्याकडे सरकवली.

त्या दिवशी मी बटाटे उकडून, दूध आणि लोणी घालून इतके घोटले होते की त्यात एक गुठळी शोधून दाखवली असती तर मी कान पकडले असते. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. तोही माझ्यावर उपकार म्हणून.

त्या आठवड्यातला हा चौथा प्रकार. सोमवारी सूप केलं, ते पातळ होतं. मंगळवारी तेच आटवलं, तर घट्ट होतं. बुधवारी चांगले मोठे बटाटे सालासकट भाजून, मधोमध चिरून आत मीठ आणि लोणी घातलं. ते त्यांनी नुसते बघितले. गुरुवारचं हे असं. माणूस आजारी असला की त्याच्यावर चिडता येत नाही, म्हणून मी भांडी जरा जोरात घासली.

महिन्यापूर्वी त्यांना ताप आला होता. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. दर रविवारी दुकानातला मोठा काटा घरी आणून ते आईला त्यावर उभं करायचे. चव्वेचाळीस, मग बेचाळीस, मग साडेचाळीस. चाळीसच्या खाली गेल्या तर दाखल करू आणि नाकातून नळी घालून खायला देऊ, असं डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले. सासूबाई "बघू" म्हणाल्या, जणू डॉक्टरांनी त्यांना सहलीला बोलावलं होतं.

खावंसं काय वाटतं, असं विचारलं की उत्तर एकच, बटाटे. कसले बटाटे? "बटाटे गं, नेहमीचे." आता नेहमीचे म्हणजे कुठले, हे कुणी सांगेल तर शपथ.

मी या घरात आले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. यांचं ते दुसरं लग्न, माझं पहिलं. आमच्या वयाचा हिशेब बघून नातेवाइकांनी फारसा गाजावाजा केला नाही. मी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे, सकाळी सात ते दोन. एका वेळी सहा लोक लाइनवर असतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढे मरायला टेकलोय. त्या कामाने मला एक शिस्त लावली. स्वयंपाकातही मी घड्याळावर चालते. गॅससमोरून हलत नाही. माझ्या हातून आजवर दूध उतू गेलेलं नाही की भाजी करपलेली नाही, आणि हे मी चारचौघांत सांगतेही. सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली की मी आतूनच म्हणायची, "दोन मिनिटं हं आई, आले." कामावरही मी दिवसभर हेच म्हणते.

शुक्रवारी मी दोन प्रकार केले. पातळ चकत्या तळल्या आणि उकडलेल्या बटाट्याचे चपटे गोळे करून तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल केले. एवढे देखणे झाले होते की आमच्या ह्यांनी न विचारता चार उचलले. सासूबाईंनी एकाचा कोपरा मोडला.

"चांगलं करतेस गं तू," त्या म्हणाल्या. "पण हे ते नाहीत."

मी ताटली घेऊन आत आले आणि मला रडू आलं. कांदाही चिरलेला नव्हता, नाहीतर त्याच्यावर ढकलता आलं असतं. हे मागून आले, पाणी प्यायले, पेला विसळला, पुन्हा विसळला. मग भिंतीकडे बघत म्हणाले की तिला बहुतेक ती करायची तसे हवे असतील.

आमच्या घरात 'ती' म्हणजे एकच. अकरा वर्षं या घरात होती आणि नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी दोन बॅगा घेऊन गेली. का गेली, हे मी लग्नाआधी यांना विचारलं होतं. "नाही पटलं," एवढंच उत्तर मिळालं होतं. पुढे शेजारणीने न विचारता सांगितलं, की सासू ताटावर बसली की तिला बोलायची, रोज, आणि ते बटाट्यांवरूनच. म्हणजे ज्या बटाट्यांवरून सुनेला घालवलं, त्यांच्यासाठीच आता बाई उपाशी बसली होती.

मी यांना विचारलं, ती कसे करायची? म्हणाले, मला काय माहीत, मी खायचो.

शनिवारी ड्युटी संपल्यावर मी तिच्याकडे गेले. फोन करता आला असता, माझं तर आयुष्यच फोनवर गेलंय. पण फोनवर काही मागितलं की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जातं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. मागच्या खोलीत यंत्र फिरत होतं आणि तिच्या हातांवर कोपरापर्यंत पांढरी पूड बसली होती. माझ्यापेक्षा उंच, केस आखूड. हिचा मत्सर करायचा तर तयारी करून यायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं.

मी कोण ते सांगितलं. तिने यंत्र बंद केलं.

"गेल्या का?" तिने विचारलं.

"नाही. पण जेवत नाहीत. बटाटे मागतात. तुमच्या हातचे."

ती हसायलाच लागली. हसता हसता तिने स्टूल पुढे केलं आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली. म्हणाली, अकरा वर्षांत एकदाही 'बरे झालेत' म्हणाल्या नाहीत. मग कृती सांगितली. मी लिहून घ्यायला वही काढली होती, पण लिहिण्यासारखं काही नव्हतंच. बटाटे अर्धेकच्चे उकडायचे, बोटाएवढ्या जाड चकत्या करायच्या, पातेल्यात लोणी, कांदा, वर चकत्या, मीठ, मिरपूड, झाकण. आच बारीक. हे तर मीही असंच केलं असतं.

"मग?" मी विचारलं.

"मग त्या हाक मारायच्या."

"आणि?"

"आणि मी जायची. तरुणपणी बटणांच्या कारखान्यात कामाला होत्या ना, तिथल्या गोष्टी सुरू व्हायच्या त्यांच्या. ती मुकादमीण, ते काळ्या बटणांचं पोतं, सगळं मला पाठ. मध्येच उठलं तर चेहरा एवढासा व्हायचा. म्हणून मी गोष्ट संपेपर्यंत बसायची. तोवर इकडे तळाला लागलेलं असायचं. मग ताट समोर आलं की, 'आज पुन्हा जाळलेस का?' रोज. आणि तळाचं सगळं स्वतः खरवडून खायच्या, दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत."

मी वही मिटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. सहा वर्षांत मी त्या बाईला काय काय करून घातलं होतं, पण त्यांच्या शेजारी बसले कधी होते, ते आठवेना.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. हात पुसत म्हणाली, "त्यांना वाटतं मी त्यांच्यामुळे गेले. हो ना?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं वाटतं.

"त्यांच्यामुळे नव्हते गेले मी," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने यंत्र सुरू केलं. पुढे विचारायला मला वाव होता, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उरलेल्या एकाच माणसाचं नाव तिच्या तोंडून ऐकून मला त्या रात्री त्याच्याच घरी परतावं लागलं असतं.

रविवारी सकाळी काट्यावर एकोणचाळीस किलो आठशे भरलं. यांनी काटा पुसला, शून्य लावून पाहिलं, पुन्हा आईला उभं केलं. काटा यांनी स्वतःच दुरुस्त केलेला, चुकणार कसा? उद्या सकाळी न्यावं लागेल, असं म्हणून त्यांनी एका पिशवीत आईचे दोन झगे, टॉवेल आणि चष्मा भरला. चष्मा आत गेल्यावर सासूबाईंना पेपर वाचता येईना, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

दुपारी मी बटाटे अर्धेकच्चे उकडले, चकत्या केल्या, लोण्यात कांदा घातला, वर सगळं रचलं, झाकण ठेवलं, आच बारीक केली. आणि हाकेची वाट पाहत उभी राहिले. पाच मिनिटं गेली, सात गेली. हाक येईना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हाका कधीच्या थांबल्या आहेत. कधी, ते मला सांगता येणार नाही. घर शांत असलं की मला बरं वाटायचं, एवढंच मला माहीत होतं. मला माझीच लाज वाटली.

मी न बोलावता बाहेर गेले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. हे कोपऱ्यात एक लहान काटा उघडून बसले होते, त्यांनी वर पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "गॅस चालू आहे तुझा."

"असू दे."

मग काय बोलावं ते मला सुचेना. नमस्कार, कुणाशी बोलायचंय, एवढ्यावर माझं आजवर निभावलेलं. शेवटी सरळ विचारलं, "आई, ती मुकादमीण कशी होती हो?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मुकादमीण हा शब्द मला कुठून मिळाला असेल, हे ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता.

"पांगळी होती एका पायाने," त्या म्हणाल्या. "पण आम्ही बोलायला लागलो की मागे येऊन उभी. पावलांचा आवाज नाही."

आवाज बारीक होता, मध्ये मध्ये थांबत होत्या. चारशे बायका, बटणांचे ढीग, भोकं नीट पडली नाहीत ती बाजूला काढायची. एकदा काळ्या बटणांचं पोतं फाटून जिन्यावरून खाली सांडलं आणि मुकादमीण त्यावरून घसरून थेट मालकाच्या पायाशी आली, तरी एकीचीही हसायची हिंमत झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळ्या इतक्या हसल्या की दोघींना उचकी लागली. हे सांगताना त्या स्वतःच हसल्या आणि त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. तेवढ्यात आतून वास आला.

माझे पाय आपोआप उठायला निघाले. सहा वर्षांची सवय आणि त्याआधीची आख्खी हयात. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"लागलं खाली," सासूबाई म्हणाल्या.

"लागू द्या. पुढे काय झालं?"

गोष्ट संपल्यावरच मी आत गेले. पातेल्याच्या तळाला काळसर तपकिरी थर धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा जाळलं होतं मी काहीतरी. उलथन्याने तळ खरवडून वरच्या चकत्यांसकट ताटलीत घातला आणि बाहेर नेला.

सासूबाईंनी ताटलीकडे पाहिलं. 'आज पुन्हा जाळलेस' हे ऐकायची मी तयारी ठेवली होती. पण त्यांनी एक काळा तुकडा उचलला, चावला. कुरकुर आवाज झाला. मग दुसरा घेतला.

"गेली होतीस तर," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरी आहे?"

"बरी आहे. चष्म्याच्या दुकानात असते. केस आखूड ठेवलेत."

"आखूड," असं म्हणून त्यांनी अजून एक घास घेतला. तो संपल्यावर, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "काही म्हणाली?"

माझ्या कामाचा एक नियम आहे. निरोप म्हणून जे दिलं असेल तेवढंच पोचवायचं, कानावर पडलेलं नाही. एकवीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. कोपऱ्यात स्क्रू फिरवायचा आवाज थांबला होता.

"म्हणाली, तुमच्यामुळे गेले नाही."

सासूबाईंचा हात ताटलीतच राहिला. त्या रडणार असं मला वाटलं, पण रडल्या नाहीत. नऊ वर्षं गिळून बसलेलं ते एकदम कसं बाहेर येणार? त्यांनी हळूच कोपऱ्याकडे पाहिलं. आमचे हे मान खाली घालून उघड्या काट्यात बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. ते माझे यजमान आहेत आणि माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्या क्षणी मी त्यांच्या मदतीला गेले नाही.

"मग कुणामुळे?" सासूबाईंनी विचारलं.

"ते मी विचारलं नाही."

"मीही विचारणार नाही," त्या म्हणाल्या आणि ताटली माझ्यापुढे केली. "अजून वाढ."

मी पातेलंच बाहेर आणलं. त्या खात होत्या, सावकाश, एकेक काळा पापुद्रा बोटांनी सोडवून. मी परत शेजारी बसले. थोड्या वेळाने हे उठले, हात पुसले, आमच्यापुढे येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण शेवटी एवढंच म्हणाले, "मला आहेत का?"

"तळाचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "वरचं घे."

त्यांनी पातेल्यातल्या वरच्या दोन चकत्या घेतल्या आणि उभ्यानेच खाल्ल्या.