मार्चमध्ये मेलेली गाय

"माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा," वेन्यामिन झुबारेव इंजिनाच्या घरघराटावरून मागं ओरडला, "तरी ही अन्नुश्का माल्ये लूझीच्या मैदानात अशी उतरवीन ना मावशी, की तुमच्या मांडीवरच्या आरशाला टवकासुद्धा उडायचा नाही!"

उस्तीन्या मावशीनं गोधडीत गुंडाळलेला आरसा आणखी घट्ट धरला. ती माल्ये लूझीच्या सामुदायिक शेतावर गाई दोहायची, आणि जिल्ह्याच्या गावाला जाऊन आरसा घेऊन परत चालली होती. अन्नुश्का नावाच्या त्या जुन्या दुपंखी विमानात तिसरं कोणी नव्हतं. सहवैमानिक होता, पण सप्टेंबर असल्यानं त्याला वरच्या हुकमानं बटाटे काढायला पाठवलेलं. सप्टेंबरात निम्मा देश बटाटे काढायचा आणि उरलेला निम्मा, आपली माणसं गेली कुठं म्हणून विचारत फिरायचा.

"बावीस वर्षं!" झुबारेव सांगत होता. "बावीस वर्षांत मी साधी कोंबडीसुद्धा..."

चाकं गवताला लागली आणि मावशी किंचाळली, "अगं बाई, मार्ता!"

मार्ता धावपट्टीच्या मधोमध उभी राहून रवंथ करत होती. लहानपणापासून विमानं बघितलेली गाय ती. विमानानं बाजूनं जायचं असतं, अशी तिची समजूत होती.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. पंख्याची पाती केळीच्या सालीसारखी मागं वळली, डावं चाक सुटून एकटंच तळ्याकडं निघून गेलं, आणि अन्नुश्कानं नाक जमिनीत खुपसून शेपूट आभाळात उभं केलं. झुबारेव पट्ट्याला लोंबकळत राहिला. मावशी घसरत त्याच्या खुर्चीपर्यंत आली. आरसा तिच्या छातीवर होता, गोधडी निघालेली होती, आणि आरशात झुबारेवला कपाळावर टेंगूळ आलेला एक माणूस उलटा दिसला.

आरशाला टवका उडाला नव्हता, हे कबूल करायला हवं.

गावात बातमी पोचली. डॉक्टर यायला तीन तास लागले, सुऱ्या आणि घमेली यायला वीस मिनिटं. झुबारेवचं टेंगूळ बघायला कुणाला फुरसत नव्हती. संध्याकाळी धावपट्टीवर फक्त विमान उरलं होतं. गाईचं म्हणाल तर दावंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहरातून चौकशी अधिकारी आला. इन्नोकेन्ती लवोविच रुदाकोव. पोट नाजूक, चेहरा दमलेला, काखेत फाइल. त्यानं पहिलं काम काय केलं, तर झुबारेवचा उड्डाणाचा परवाना मागून घेतला आणि फायलीत ठेवला.

"चौकशी संपेपर्यंत माझ्याकडं. कारण ठरलं की एक तर परत मिळेल, नाही तर नाही."

"कारण ठरवायचं काय त्यात? गाय!"

"ते बघू," रुदाकोव म्हणाला. "फॉर्मवर चार रकाने आहेत. हवामान, यंत्र, मैदान आणि वैमानिक. चौघांपैकी एकाच्या नावावर घालायचं. पाचवा रकाना छापलेला नाही."

झुबारेव त्या फायलीकडं बघत राहिला. जमिनीवर तो कोण होता? एक्कावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा, बटाटे सोलताना बोट कापून घेणारा माणूस. वर गेला की मात्र वेन्यामिन प्रोखोरोविच. अख्खा जिल्हा मान वर करून त्याच्याकडं बघायचा. परवाना गेला तर त्याला इंधनाच्या पिंपांवर पहारेकरी बसवणार, हे नक्की होतं.

दुपारी तो रुदाकोवला खानावळीत घेऊन गेला. गुरुवार होता. गुरुवारी देशभरच्या खानावळींत फक्त मासे मिळायचे, तसा हुकूमच होता. पण थाळीत आली गरमागरम कोतलेती, मांसाची तळलेली वडी, हाताएवढी.

"आज मासळीचा वार ना?" रुदाकोवनं विचारलं.

"मासाच आहे," आचारीण म्हणाली.

"कसला मासा?"

"मोठा."

रुदाकोवनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घेतला.

"इन्नोकेन्ती लवोविच!" झुबारेव किंचाळला. "तुम्ही पुरावा खाताय!"

"बसा हो खाली. किती महिन्यांनी पोटाला मानवणारं काही मिळालंय. पुरावा असेल तर फार छान शिजलाय."

शुक्रवारी चौकशी भरली मैदानावरच्या खोपटात. हवामान खात्यानं तार करून कळवलं होतं, की त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि स्वच्छच राहील याची जबाबदारी आमची. कारखान्यानं कळवलं, की आमचं यंत्र बिघडत नाही. राहिलं मैदान. मैदानाचा प्रमुख निकानोर पुस्तोवित. टोपी आणि गळ्यात शिट्टी. कामाच्या वेळी तो शिट्टी वाजवायचा नाही, ती फक्त घालायचा.

"मैदानात गुरं येऊच शकत नाहीत," पुस्तोवित म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी कुंपण घातलंय. दोन मीटर उंच, लाकडी, हिरवा रंग. ही सही, हा शिक्का."

रुदाकोवनं खिडकीतून बाहेर बघितलं. क्षितिजापर्यंत गवत होतं.

"मला दिसत नाही."

"हिरवं आहे ना. गवतात मिसळतं."

कुंपण कुठं आहे ते झुबारेवला चांगलं ठाऊक होतं. त्या फळ्या पुस्तोवितच्या परसातल्या बान्याच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंती झाल्या होत्या. झुबारेव स्वतः दर शनिवारी तिथं वाफेत बसून आंघोळ करायचा आणि पाठीला हिरवा रंग लावून घरी यायचा. सहा वर्षं. आता कुठल्या तोंडानं बोलणार?

"ठीक आहे, कुंपण राहू दे," तो म्हणाला. "पण गाय होती! शेताच्या अध्यक्षबाईंना बोलवा. गाय त्यांची."

ग्लाफिरा तिमोफेयेव्हना आल्या. शेताच्या अध्यक्ष. दाराएवढ्या रुंद, छातीवर पदक.

"आमच्याकडं मार्ता नावाची गाय नाही," त्या म्हणाल्या.

"परवापर्यंत होती!"

"मार्चपर्यंत होती. मार्चमध्ये मांसाचा कोटा पुरा करायला सरकारला चाळीस गाई दिल्या, त्यात गेली. जिल्ह्यात पहिला नंबर आला. लाल झेंडा मिळाला, कार्यालयाच्या भिंतीवर आहे, बघून या."

"मग गोठ्यात आज ज्या एकोणचाळीस उभ्या आहेत, त्या कोण?"

"उभ्या आहेत म्हणून काय झालं?" ग्लाफिरा तिमोफेयेव्हना शांतपणे म्हणाल्या. "कागदावर गेल्यात. जी गाय मार्चमध्ये मेली, ती सप्टेंबरात विमानाखाली कशी येईल? तुम्ही शिकले-सवरलेले, तुम्हीच सांगा."

रुदाकोवनं लिहून घेतलं. त्याला हा मुद्दा बिनतोड वाटला असावा.

बाहेर आल्यावर बाईंनी झुबारेवची बाही धरली. "वेन्या, डोकं चालव. तुझा परवाना जाईल, मान्य. पण गाय जिवंत होती म्हटलं, तर माझी मान जाईल, माझ्या आकड्यांवर सही करणाऱ्या साहेबाची जाईल, आणि त्याच्या वरच्याची. तुला एकट्याला वाचवायला किती माना घालवायच्या?"

"मग माझी एकट्याची घालवायची?"

"तुझी सुटसुटीत आहे ना."

तो तडक उस्तीन्या मावशीकडं गेला. एकुलती एक साक्षीदार! मावशी ओट्याशी उभी होती, डोळे सुजून लाल झालेले. भिंतीवर नवा आरसा चकाकत होता.

"मावशी, रडताय ना? मार्तासाठी रडताय!"

"कांदा चिरतेय."

"कांदा कुठाय?"

"चिरून झाला."

"मावशी, चाकं टेकली तेव्हा तुम्ही ओरडलात, 'अगं बाई, मार्ता!' मी या कानांनी ऐकलं."

मावशीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "मी म्हटलं, 'अगं बाई, मरते आता!' तुझ्या इंजिनाचा आवाज केवढा. तुला मार्ता ऐकू आलं, त्याला मी काय करू?"

"मावशी!"

"अकरा वर्षं दोहलं रे मी तिला," मावशी हळूच म्हणाली, आणि लगेच मोठ्यानं, "म्हणजे मार्चपर्यंत. जा आता. आणि हे घेऊन जा, गरम आहे." तिनं हातात डबा दिला. डब्यात काय होतं, ते झुबारेवनं उघडून बघितलं नाही. वासावरूनच कळलं.

रात्रभर तो तळमळला. सकाळी पुस्तोवित धावत आला, आणि यावेळी त्यानं चक्क शिट्टी वाजवली.

"वेन्यामिन प्रोखोरोविच! एल्क!"

"कुठाय?"

"कुठं नाही. आपण लिहायचा. जंगलातलं ते घोड्याहून उंच सांबर! एल्क कुठल्या कोट्यात नसतो. आणि दोन मीटरचं कुंपण सहज उडी मारून ओलांडतो. म्हणजे माझं कुंपण राहिलं, बाईंची गाय मेलेलीच राहिली, तुमचा परवाना राहिला. दोष सगळा जंगलाचा."

"मी गाय मारली आणि एल्क लिहू?"

"मग इंधनाच्या पिंपांवर बसून खरं बोला. तिथं ऐकायला पिंपं आहेतच."

झुबारेवनं दात खाल्ले, शिव्या घातल्या, खोपटाला तीन फेऱ्या मारल्या आणि सही केली. एल्क. अचानक, डावीकडून, उडी मारून. रुदाकोव खूश झाला; रकाना कुठला ते नंतर बघू म्हणाला. त्या रात्री अध्यक्षबाईंनी सगळ्यांना पेल्मेनी खाऊ घातली. आतलं सारण कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी जंगलखात्याचा शिकार निरीक्षक आला. कुप्रियान. दाढी कमरेपर्यंत, हातात पावतीपुस्तक.

"एल्क कुणी मारला?"

"मारला नाही. धडकला," रुदाकोव म्हणाला.

"परवाना होता?"

"उड्डाणाचा होता," झुबारेव म्हणाला.

"शिकारीचा. विनापरवाना शिकार हे एक कलम. मोटार किंवा तत्सम वाहनातून शिकार हे दुसरं. आणि हा त्यांच्या माजाचा महिना, हे तिसरं. शिंगं कुठायत?"

"शिंगं नाहीत."

"म्हणजे विकली. हे चौथं."

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं झुबारेवच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"एल्क नव्हता हो! गाय होती, गाय! चार पाय, दोन शिंगं, कपाळावर पांढरा ठिपका! तुम्ही सगळ्यांनी खाल्ली तिला! पुस्तोवितनं खाल्ली, बाईंनी खाल्ली, या साहेबांनी दोनदा मागून घेऊन खाल्ली!"

कुप्रियाननं पावतीपुस्तक मिटलं. "गाय असेल तर माझा संबंध नाही," असं म्हणून तो निघून गेला. खरं बोलण्याचा एवढाच फायदा झाला.

ग्लाफिरा तिमोफेयेव्हनांनी उसासा सोडला. "बिचाऱ्याच्या डोक्याला मार लागलाय. मेलेल्या गाई दिसतात."

"खरंच की काय?" रुदाकोव फॉर्म पुढं ओढत म्हणाला. "वैमानिकाला भास होत असतील, तर चौथा रकाना आपोआपच..."

झुबारेवच्या लक्षात आलं. खरं बोलला की वेडा, आणि वेडा ठरला की दोषी. तो मटकन खुर्चीत बसला.

"नाही होत भास," तो म्हणाला. "चुकलो. गाय नव्हती."

"मग काय होतं?"

बाहेर एक डोमकावळा ओरडत गेला. रुदाकोवनं खिडकीतून त्या कावळ्याकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"पक्षी," तो म्हणाला. "पक्ष्याला मालक नसतो. परवाना नसतो, कोटा नसतो. कुंपणावरून येतो आणि जातो. आणि पक्षी हवेतून येतो, म्हणजे पहिला रकाना. हवामान!"

"हवामान खातं मान्य करेल?"

"आभाळ स्वच्छ होतं, असं त्यांनीच लिहून दिलंय. स्वच्छ आभाळातच पक्षी उडतात."

"इन्नोकेन्ती लवोविच," झुबारेव केविलवाणा होऊन म्हणाला, "पंख्याला केस चिकटलेत. मूठभर. तांबडे."

"पिसं. बारीक."

"आणि शेण?"

"पक्षी घाण करत नाहीत वाटतं?"

फॉर्ममध्ये पक्ष्याची जात विचारली होती. रुदाकोवनं लिहिलं, 'मोठी'. वजन विचारल्यावर झुबारेव म्हणाला, "सुमारे चारशे किलो." रुदाकोवनं तेही लिहिलं. वजन वरच्या साहेबांपैकी कुणी वाचत नाही, असं तो म्हणाला. पुस्तोवितनं सही केली, अध्यक्षबाईंनी केली, उस्तीन्या मावशीनं डोळे पुसत अंगठ्याएवढी सही केली. शेवटी पेन झुबारेवकडं आलं. बावीस वर्षं उडून आपल्याला एका पक्ष्यानं पाडलं, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. अक्षर बरं आलं.

पुढच्या मंगळवारी शहरातून पुस्तोवितला फोन आला. कारण मंजूर. वैमानिक निर्दोष. झुबारेवचा परवाना गुरुवारच्या टपालाच्या विमानानं पाठवतोय.

गुरुवारी झुबारेव दाढी करून, गणवेशाला इस्त्री करून, सकाळपासून धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. दुपारी पुस्तोवित खोपटातून बाहेर आला.

टपालाचं विमान अकरा वाजता नदीत उतरलं होतं. वैमानिक पोहत काठाला आला. टपाल बुडालं.