मोजणीत नसलेली

तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवतोय, एकदाही उशिराचा शेरा नाही. हे मी कुणाला सांगितलं की आमची ही लगेच म्हणते, "घरी मात्र रोज उशीर." ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे. दीडशे रुग्णांची ताटं रोज वेळेवर जातात, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे. मी ऐकून घेतो. माझा राग घरात कुणी फारसा मनावर घेत नाही.

मुलीने घेतला. अठरा पूर्ण झाल्यामुळे माझी सही कुठे लागत नव्हती. नौदलाच्या भरतीचा फॉर्म तिने स्वतः भरला, परीक्षा दिली, तपासणी झाली, आणि प्रशिक्षणाला हजर व्हायचं पत्र हातात पडल्यावर मला सांगितलं. मी तिच्यासाठी डेपोतल्या कारकुनाच्या जागेचा अर्ज आणून ठेवला होता. म्हणालो, "घरात विचारायची पद्धत असते." ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." खरंच होतं ते, त्यामुळे मी आणखी भडकलो.

त्यानंतर तीन आठवडे आमचं बोलणं बायकोमार्फत. "तिला सांग, तो टॉवेल माझा आहे." "त्यांना सांग, नळ उघडा कुणी ठेवला ते आधी बघा." दोघं एकाच खोलीत, चार हातांवर. मधल्यामध्ये बायकोचं टपालखातं झालं.

पण त्याच तीन आठवड्यांत बायको रोज कामावर जायच्या आधी मुलीला घेऊन रस्त्यावर उतरायची. पोरगी धावायची आणि ही घड्याळ धरून कोपऱ्यावर उभी. घरी आल्यावर मुलीच्या पावलांवर बसायची, म्हणजे तिला झोपून पोटाचे व्यायाम नीट करता यावेत. मी वर्तमानपत्र वाचायचो. एकच पान किती वेळ वाचलं ते विचारू नका.

मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. समुद्राची नाही. तिथे कुणीतरी परका माणूस सकाळ-संध्याकाळ तिच्यावर ओरडणार, आणि माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी तिच्यावर ओरडावं हे मला सोसणारं नव्हतं.

पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: एकच बॅग आणावी, फोन आणू नये, ठरल्या तारखेला दुपारी चारपर्यंत गेटवर हजर व्हावं. चारनंतर गेट बंद, आणि जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. ते केंद्र आमच्या बसच्या शेवटच्या थांब्याच्या गावात. बायकोने मला न विचारता दुसऱ्या ड्रायव्हरच्या बायकोला गाठलं आणि त्या दिवसाची माझी ड्यूटी बदलून घेतली. मी चिडलो. ती म्हणाली, "तिला सोडायला तुम्हीच जायचं. बोलायचं नसेल तर बोलू नका. गाडी चालवायला तोंड लागत नाही."

नऊला गाडी लागली. बायकोने मुलीला स्टँडवर जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "नीट न्या." एवढंच बोलून ती कामावर गेली.

माझा कंडक्टर चौदा वर्षं माझ्याबरोबर आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण तिकीट देतानाही तो शिकवणी घेतल्यासारखा बोलतो. मुलीला त्याने लहानपणीच इन्स्पेक्टर असं नाव ठेवलं होतं. दारामागची पहिली एकटी सीट स्टाफची असते. सुट्टीत ती तिथे बसायची आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायची, "बाबा, वळताना दिवा दाखवला नाहीत." तिचा पास घरच्यांचा, त्यामुळे तिकीट नाही. मास्तर गाडीतली डोकी मोजतो ती दुसऱ्या सीटपासून. पहिल्या सीटवर इन्स्पेक्टर, ती मोजायची नसते.

त्या दिवशी तिने बॅग पहिल्या सीटवर ठेवली आणि स्वतः मागे जाऊन मास्तरजवळ बसली. माझ्या पाठीशी सहा तास गप्प बसण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं असणार. मलाही बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं.

साडेबाराला एका हॉटेलवर जेवणाचा थांबा. वीस मिनिटांनी मी दोनदा हॉर्न वाजवला. मास्तरने डोकी मोजली. एक्केचाळीस तिकिटं, एक्केचाळीस डोकी. घंटी दिली, मी गाडी काढली. डावीकडे बघितलं तर सीटवर नुसती बॅग. म्हटलं, बाईसाहेब मागेच बसल्या आहेत. मास्तरला वाटलं, आता तरी पोरगी बापाजवळ जाऊन बसली. दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. तीन आठवड्यांच्या अबोल्यामुळे तिचं जवळ नसणं माझ्या सवयीचं झालं होतं.

पंचवीस मिनिटांनी मास्तर गोळ्यांची पुडी घेऊन पुढे आला. "इन्स्पेक्टर, घे," म्हणाला, आणि सीटकडे बघतच राहिला. "अरे, पोरगी कुठाय?"

"तुझ्याजवळ."

"माझ्याजवळ कुठली? तुमच्याजवळ ना?"

पुढचं मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. माझा पाय ब्रेकवर गेला नाही. मास्तर "थांबवा, थांबवा" म्हणत होता आणि गाडी त्याच वेगात चालली होती. माझ्या मनात एकच गोष्ट आली. चूक मास्तरची. मी काहीच केलेलं नाही. असंच पुढे गेलं तर चार वाजून जातील, गेट बंद होईल, आणि संध्याकाळी परतीच्या फेरीत मी तिला त्या हॉटेलातून घेऊन घरी जाईन. कुणी मला बोल लावणार नाही. आयतं घडलं होतं सगळं. मी पूल ओलांडला. त्यापुढे किलोमीटरचे दोन दगड गेले.

मग शेजारच्या सीटवर तिची बॅग कलंडली. बायकोने तिच्या पट्ट्याला दुहेरी शिलाई घातली होती, माझ्या जुन्या गणवेशाच्या दोऱ्याने. तो खाकी दोरा दिसला आणि मला माझीच लाज वाटली. पुढे पेट्रोलपंप होता. तिथे गाडी आत घेतली आणि वळवली.

गाडीत एकच गलका झाला. कोंबडीच्या पिल्लांची खोकी घेऊन बसलेला एकजण ओरडला, "गाडी तुमच्या घरची आहे काय? माझी पिल्लं मरतील इथे!"

"माझी पोरगी मागे राहिलीय," मी म्हणालो. "तक्रारवही मास्तरजवळ आहे. ज्याला लिहायचं त्याने लिहा. गाडी वळलीय."

वही खरोखरच हातोहात फिरू लागली. लोकांना मी दोष देत नाही. प्रत्येकाला कुठेतरी पोहोचायचं असतं.

हॉटेलबाहेरच्या कट्ट्यावर ती बसली होती, हात मांडीवर ठेवून. हॉटेलवाला म्हणाला, "मी म्हटलं तिला, माझ्या फोनवरून घरी लाव. ही म्हणते, नंबर आठवत नाही." मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली आणि मुकाट्याने पहिल्या सीटवर येऊन बसली. मास्तर सारखा म्हणत होता, "माझी चूक गं बाळा, सगळी माझी चूक." ती म्हणाली, "नाही हो मास्तरकाका." पंचवीस गेली, पंचवीस आली. पन्नास मिनिटं पाण्यात.

दुसऱ्या सीटवर एक आजी होत्या. वही त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्या मुलीला म्हणाल्या, "माझा चष्मा बोचक्यात खाली गेलाय. तू लिही गं. लिही, ड्रायव्हरने गाडी उलटी नेली, माझ्या गुडघ्यांचं पार भजं झालं."

मुलीने वही घेतली आणि सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. "बिल्ला नंबर?" आजींनी विचारलं. माझ्याकडे न बघता तिने माझा सहा आकडी नंबर लिहून टाकला. ज्या पोरीला घरचा फोन आठवत नव्हता, तिला बापाचा बिल्ला पाठ होता. आजींनी वही डोळ्यांजवळ धरून बघितली आणि म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी. कुणाची?" मी गिअर बदलला.

बरंच पुढे गेल्यावर मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, "कळल्यावर मी लगेच थांबलो नव्हतो."

तीन आठवड्यांतलं माझं हे पहिलं थेट वाक्य.

"पूल ओलांडला. वर दोन किलोमीटर गेलो. वाटलं, आपोआपच होतंय तर होऊ दे."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

स्टँडवर नेऊन तिथून तिला पाठवलं असतं तर चार टळले असते. मी बंदराच्या रस्त्याने गाडी घातली. तो आमच्या मार्गात नाही. पिल्लंवाल्याने वही परत मागून घेतली. चारला आठ कमी असताना गाडी गेटसमोर उभी केली. उंच भिंत, पांढरं फाटक, आत कवायतीचं मैदान. फाटकाशी एक पहारेकरी हातात यादी घेऊन उभा. दोन-चार मुलं-मुली धावत आत शिरत होती.

दार उघडायची कळ माझ्या हाताशी असते. मी हात पुढे नेला, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "थांबा ना."

मी थांबलो.

"हॉर्न ऐकला होता मी," ती म्हणाली. "हॉटेलच्या बाथरूममध्ये होते. आतून कडी लावून बसले. तुम्ही दोनदा वाजवलात, दोन्ही वेळा ऐकला. वाटलं, जाऊ दे गाडी. मी नाही म्हणाले असं व्हायला नको, नुसतं राहून गेलं असं होऊ दे."

दोघांनी एकाच वेळी एकच लबाडी केली होती. पोरगी कुणावर गेली हे वेगळं सांगायला नको.

"बाबा, मला नाही जमणार. आईला सांगता येईना, ती रोज घड्याळ घेऊन उभी राहायची." "मी गाडी वळवा म्हटलं, तर वळवाल?"

तीन आठवडे मला हेच ऐकायचं होतं. वर्तमानपत्राच्या आड बसून मी याच वाक्याची वाट बघत होतो. आता ते माझ्या हातात आणून दिलं होतं तिने, आणि मागे एक्केचाळीस माणसं श्वास रोखून बसली होती. पिल्लंसुद्धा ओरडत नव्हती, असं मला वाटलं.

"वळवीन," मी म्हणालो. "तू म्हणालीस तर आत्ता वळवीन. पण म्हणू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं.

"आत जा. महिनाभर रड, त्यांच्या शिव्या खा. मग नाहीच जमलं तर ताठ मानेने सांग त्यांना, आणि घरी ये. मी न्यायला येईन, ड्यूटी असो नसो. पण या दारातून मागे फिरलीस तर तुला आयुष्यभर वाटत राहील की बाबाने वळवली. आणि मलाही तेच वाटत राहील." माझा आवाज चिरकला. गाडीत तो सगळ्यांना ऐकू गेला, त्याची लाज वाटली नाही. "मी तुला एकदाही जा म्हणालो नाही. चुकलं माझं. जा."

ती हलली नाही. पाच मिनिटं उरली होती. मग तिने बॅग खांद्याला लावली, उठली, आणि माझ्या स्टिअरिंगवरच्या हातावर क्षणभर हात ठेवला. गार पडला होता तिचा हात. मी कळ दाबली. दार उघडलं.

ती धावत गेली नाही, चालत गेली. पहारेकऱ्याने यादीत बोट फिरवलं, मग आमच्या गाडीकडे बघत विचारलं, "सोडायला एवढी माणसं?" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तो हसला आणि त्याने तिला आत घेतलं.

आत मुलं रांगेत उभी केली होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे. कुणीतरी मोठ्याने काहीतरी ओरडलं, बहुधा तिच्याचवर, आणि तिने खांदे सरळ केले. मी सीटवरून अर्धा उठलो होतो. मास्तरने मागून माझ्या दंडाला धरलं.

"चला," तो म्हणाला.

"थांब जरा."

"ती बघणार नाही मागे. बघू नये तिने. चला तुम्ही."

मला तिला परत न्यायचं होतं. आज हे सांगतानाही न्यायचंच आहे. मी पहिला गिअर टाकला, आणि तिला तिथे ठेवून गाडी पुढे काढली.