ज्या झोपाळ्यावर मोरेला बेटाची तारीख ठरली

मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. मित्रांनो, एक बेट स्वतंत्र होण्यात माझा हात होता असे मी म्हणणार नाही, कारण मला हात नाहीत. चार कड्या आहेत.

उरणच्या सुताराने मोडीत निघालेल्या मचव्याच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या, फळ्यांतून मला घडवले. सखूबाईंच्या घरी मी पोरे निजवली, हळदीला नवरदेव मिरवले. पुढे जमीन प्रकल्पात गेली, कर्नाळ्याच्या पायथ्याशी बंगला उभा राहिला आणि त्यांचे चिरंजीव कमळाकरशेठ म्हणू लागले, "आये, ह्यो भंगारात दे. अंड्यासारका, येकट्यानं बसायचा झोपाला आनू." मी पडवीत लटकत राहिलो. तोच माझा पेशा.

गेल्या वर्षी हिवाळ्यात पाहुणे आले. दूर समुद्रात मोरेला नावाचे बेट आहे. तिथे दोनशे वर्षे परक्या राजाचे राज्य. पुढे काय व्हायचे ते मतदानाने ठरवू द्या, असे बेटकऱ्यांचे म्हणणे होते. राजाची ना नव्हती. मतदान फक्त 'योग्य वेळी' घेऊ, असे तो म्हणे, आणि एवढ्यावर त्या गादीने तीन पिढ्या काढल्या. शेवटी गुपचूप बोलणी ठरली. मध्यस्थ अधिकारी अवधूत पनवेलचा. लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या बंगल्यात मुत्सद्द्यांना कोण शोधणार, म्हणून त्याने आमची पडवी सुचवली.

राजाचे दूत सर एडमंड बुटके आणि अतिशय सभ्य. बेटाच्या इसाबेलबाई उंच, निवृत्त शिक्षिका. पहिला दिवस टेबलाच्या मुख्य खुर्चीवर कोण बसणार यात गेला. दुसरा, पहिल्या दिवसाचा निषेध नोंदवण्यात. तिसऱ्या दिवशी दोघे पडवीत पाठ फिरवून उभे राहिले. बाईंचे विमान त्याच संध्याकाळचे होते आणि तारखेशिवाय परतल्या असत्या तर बेटावरच्या लोकांनी पुन्हा कुठल्याही बोलण्यांवर विश्वास ठेवला नसता.

तेवढ्यात सखूबाई तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील घेऊन आल्या.

"अवधूत, ही मानसा उबी का?"

"मावशी, भांडण झालंय त्यांचं."

"मंग बसव झोपाल्यावर! आमच्यात भांडलेल्यांना येकाच झोपाल्यावर बसवतात. ताट संपल्याबिगर उतरायचा नाय."

अवधूतने हे जमेल तितक्या सभ्य इंग्रजीत सांगितले. यजमानांचा रिवाज म्हटल्यावर मुत्सद्द्यांचा इलाज चालत नाही. दोघे बसले. इसाबेलबाईंनी पायाने रेटा दिला आणि मी निघालो. सर एडमंड यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. एका हातात ताट, दुसऱ्यात कडी.

"बाईसाहेब, जरा थांबवता का?"

"थांबवते ना," बाई म्हणाल्या. "योग्य वेळी."

अवधूतला एकदम खोकला आला.

"म्हणजे केव्हा?"

"हेच आमचे आजोबा विचारत होते."

मित्रांनो, इतका मन लावून मी कधी झुललो नव्हतो.

"पुढच्या वर्षी!" सर एडमंड म्हणाले.

बाईंनी आणखी एक रेटा दिला.

"मे महिन्यात!"

"तारीख?"

"सात! सात मे! आणि लेखी देतो!"

बाईंनी पाय टेकवला. सर एडमंड घामाघूम झाले होते, पण हसत होते. तारीख द्यायचा अधिकार राजाने त्यांना निघतानाच दिला होता म्हणे. तो वापरायची सवय मात्र त्यांच्या खात्यात कुणालाच नव्हती. मग त्यांनी सही केली आणि बोंबीलही संपवले.

यंदा सात मेला मोरेलात मतदान झाले. दहांतले नऊ जण स्वातंत्र्याच्या बाजूने! टीव्हीवर इसाबेलबाई झेंडा चढवताना दिसल्या आणि सखूबाईंनी आख्ख्या आळीला पेढे वाटले.

भंगाराची गोष्ट कमळाकरशेठ त्याच दिवशी विसरले. त्यांनी माझ्याभोवती लाल दोरी बांधली आणि पाटी लावली : 'येथे एका देशाचे भवितव्य ठरले. कृपया बसू नये.' आता लोक येतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि जातात. आधी अडगळ होतो म्हणून कुणी बसत नसे, आता मोठा झालो म्हणून.

परवा दुपारी सखूबाई आल्या. त्यांनी दोरी सोडली आणि पाटी उलटी करून तिच्यावर भाजी निवडायला घेतली.

"आये, हा इतिहास हाय!" कमळाकरशेठ ओरडले.

"देश त्यांचा झाला. झोपाला माझा हाय," म्हणत त्या बसल्या आणि त्यांनी रेटा दिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. म्हणजे त्यांच्यावर बसा.