फुलाच्या वाटचं पाणी

"आधी माझ्यावर चालवा ती करवत!"

बानूबाई देवीच्या दगडाला, झिरपाईला, पाठ लावून बसल्या त्या बसल्याच. मांडीशी पाण्याची कळशी. कपारीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मनिषाने खांद्यावरच्या लेकीचं, श्रेयाचं अंग चाचपलं. तव्यासारखं तापलेलं. पहाटेपासून पोर नीट डोळे उघडत नव्हती. "करवतवाली आणलीस, झिरपाई कोपली," हे बानूबाईंचं, सासूचं, बोलणं मनिषाने सकाळी हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं.

खरं तर हा उपद्व्याप तिचाच. शेळगावच्या माळावरच्या या कपारीत वरच्या चुनखडीतून पाणी झिरपतं आणि त्या थेंबाथेंबाने गुडघाभर उंच पांढरा दगड घडवलाय, हे तिच्या बारामतीच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना तिनेच सांगितलं. सरांनी पुण्याच्या संशोधक विजयमाला मॅडमना सांगितलं. पंचायतीने दगड कापून न्यायची परवानगीही दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मनिषाला तिच्या शिक्षणातलं काही विचारलं होतं.

मॅडम उकिडव्या बसल्या. "मावशी, ह्या दगडात थरावर थर असतात. पाऊस भरपूर तर थर जाड, दुष्काळात बारीक. शेकडो वर्षांचा पाऊस ह्यात वाचता येतो. बहात्तरचा दुष्काळ तर लगेच ओळखू येईल."

"बहात्तरचा?" बानूबाई फिसकन हसल्या. "न्हाय यायचा."

"का?"

"त्या साली थेंब आटला. देवीच कोरडी पडली तर पाऊस कुठनं यायचा? म्या रोज कळशी आणून वतली हिच्यावर. पाऊस येस्तवर."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे वरचे थर बिघडले. असू दे, खालचे जुने शाबूत असतील. सरका थोडं."

मनिषा मात्र सासूकडे बघत राहिली. त्या साली गावात माणशी तांब्याभर पाणी मिळायची मारामार, हे तिने त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

"आत्या, कळशी कुठली हो?"

बानूबाईंचा हात मागे गेला. दगडावरून हळू फिरला.

"घरातलीच. फुला तापली व्हती तवा. तुझ्या दीपकच्या आधीची. पाणी पाणी करायची. म्या म्हनलं, आधी देवीला. पाऊस आला म्हंजी समद्यास्नी हाय." त्यांचा तळवा दगडावर थांबला. "पाऊस आला बी. पोर न्हाय ऱ्हायली. तिच्या वाटचं पाणी हाय गं ह्यात. कापू कसं देऊ?"

दगडावर टपकन थेंब पडला. श्रेया कण्हली.

"मनिषा, तू समजाव ना," मॅडम करवत हातात घेऊन म्हणाल्या. "तुला कळतंय ह्याचं मोल."

कळत होतं. तरी ती म्हणाली, "राहू द्या, मॅडम."

"ह्या काळ्या पाषाणाच्या मुलखात असा दगड मला पुन्हा मिळायचा नाही. आणि असं असेल तर पुन्हा बोलवू नकोस."

"न्हाय बोलवणार," मनिषा सासूच्याच बोलीत म्हणाली.

पिशवीची चेन खर्रकन लागली. जीप धुरळा उडवत गेली.

"उठा आत्या. इंदापूरला दवाखान्यात नेऊ हिला."

बानूबाई उठल्या. नेहमीसारखी त्यांनी दगडावर कळशी कलती केली. पाणी काठाशी आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी कळशी सरळ केली, तिच्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं आणि श्रेयाच्या कपाळावर ठेवलं. मग ओंजळीतून चार थेंब तिच्या ओठांवर सोडले. पोरीने जीभ फिरवली.

एसटीच्या फाट्यापर्यंत त्या पदर पुन्हा पुन्हा भिजवत राहिल्या. कळशी रिती झाली, तरी त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.