विल्मरची साक्ष

आमच्या गावात तंबाखूचा वास नाही अशी जागा नव्हती. चर्चच्या बाकांनाही तो यायचा, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. चर्चही सिगारेटच्या कंपनीनंच बांधून दिलं होतं. मी कंपनीच्या संशोधन विभागात रसायनांचं काम पाहायचे. शेजारच्या खोलीत डॉ. विल्मर शोर उंदरांवर प्रयोग करायचा. त्याची थोरली बहीण आयडेल रस्त्यापलीकडच्या कारखान्यात सिगारेटची पाकिटं भरायच्या यंत्रावर होती. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्याकडे यायची, भावाच्या डब्यातला मक्याचा पाव उचलायची आणि मला सांगायची, "आई म्हणायची, आमचा विल्मर डॉक्टर होणार. झाला की. उंदरांचा."

विल्मरच्या पिंजऱ्यांत एकेक दांडी होती. ती दाबली की नळीतून उंदराच्या शिरेत निकोटिन जायचं. उंदीर दाबतच राहायचे. नळीत नुसतं मिठाचं पाणी भरलं तर थोडा वेळ दांडी बडवायचे आणि मग नाद सोडायचे; निकोटिन आलं की पुन्हा सुरू. विल्मर हरखून गेला होता. माणसाला नेमकं काय धरून ठेवतं ते कळलं, तर हृदयाला इजा न करणारं दुसरं काही शोधता येईल, असं तो म्हणायचा. आपल्याला त्यासाठीच नेमलंय, अशी त्याची समजूत होती.

त्र्याऐंशीच्या वसंतात न्यूयॉर्कहून कंपनीचे वकील आले. कॅल्डर नाव. बोलायला मृदू. पिंजऱ्यापुढे उभं राहून ते दांडी दाबणारा उंदीर पाहू लागले.

"हा असं का करतो, डॉक्टर?"

"त्याला सोडवत नाही म्हणून."

"हे कुठे लिहिलंय तुम्ही?"

"लेख तयार आहे. पुढच्या महिन्यात नियतकालिकाला पाठवतोय."

"नका पाठवू." कॅल्डरनी चष्मा पुसला. "आमच्यावर देशभर खटले चालू आहेत. सगळीकडे आम्ही एकच सांगतो, ओढायची की नाही ते माणसाच्या हातात आहे. तुमचा उंदीर कोर्टात आला तर ते कोण ऐकेल?"

"पण साहेब, हे खरं आहे."

"खरं-खोटं मी विचारलंच नाही."

त्या आठवड्यापासून विल्मरचं सगळं काम वकिलांच्या सांगण्यावरून चाललंय असं कागदोपत्री ठरलं. आधी झालेलंसुद्धा. उन्हाळा संपायच्या आत एका सकाळी आम्ही आलो तर पिंजरे रिकामे होते. उंदीर मारून टाकले होते. विल्मरला सिगारेटच्या फिल्टरच्या कागदाचं काम दिलं. त्यानं दुसरीकडे नोकरीसाठी खटपट केली, पण जो तो विचारी, आजवर काय छापलंत? दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

चार-पाच वर्षांनी आयडेलच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. सिगारेटनंच हे झालं आणि ती सोडू म्हटलं तरी सुटत नाही, असं म्हणत तिनं कंपनीवर दावा लावला. गावातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. विल्मरला मी म्हटलं, "तू साक्ष दिलीस तर नोकरी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. "माझ्याशिवाय तिचं म्हणणं सिद्ध कोण करणार?"

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. आयडेलच्या वकिलानं विचारलं, "डॉक्टर, निकोटिनची सवय माणसाला सोडता येते का? तुमच्या प्रयोगांत काय दिसलं?"

विल्मरनं तोंड उघडलं आणि कॅल्डर उठले. प्रयोग कंपनीच्या वकिलांसाठी झाले होते, वकील आणि अशील यांच्यातली गोष्ट कोर्टात उघड करता येत नाही, एवढंच ते म्हणाले. न्यायाधीशांनी कागद पाहिले आणि ते मान्य केलं. उंदरांबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

मग कॅल्डर विल्मरजवळ आले. "भाऊ म्हणून विचारतो. आयडेलबाईंनी सिगारेट कधी सोडली होती?"

"एकदा. मुलीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा."

"म्हणजे मूल होईपर्यंत ओढली नाही?"

"नाही. पण तिचे हाल..."

"सोडता आली, एवढंच ना?"

विल्मर आयडेलकडे पाहत राहिला. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"हो," तो म्हणाला. "आली."

ज्यूरी दुपारच्या कॉफीआधीच निकाल घेऊन बाहेर आली. दावा फेटाळला.

आम्ही तिला धरून गाडीपर्यंत आणलं. विल्मर म्हणाला, "आयडे, मला सांगायचं होतं गं."

"ठाऊक आहे मला. खोटं तर नाही ना बोललास?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? पेटवून दे मला एक."

"डॉक्टरांनी..."

"कुठला डॉक्टर? तू?" ती हसायला गेली आणि खोकल्यानं वाकली. त्यानं सिगारेट पेटवली आणि तिच्या ओठांशी धरून उभा राहिला. झुरका घेताना तिनं डोळे मिटले होते.

हिवाळा लागायच्या आत ती गेली. कंपनीनं विल्मरला काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही. दफन शनिवारी झालं आणि सोमवारी तो कामावर आला. मी कॉफी नेऊन दिली. "थँक्यू, नेल," म्हणाला आणि फिल्टरचे कागद उजेडात धरून पाहू लागला.