शेवटची पानं बाबांची

आमच्या भाषेच्या बाईंना एक खोड होती. गोष्ट रंगात आली, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, की पटकन पुस्तक मिटायच्या. "शेवटचं पान घरी. कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा." कितीही गयावया करा, बाई बधायच्या नाहीत.

माझे बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. जाताना म्हणाले होते, "शेवटची पानं माझ्यासाठी राखून ठेव हं. आलो की एका बैठकीत फडशा पाडू." म्हणून मी एकाही गोष्टीचं शेवटचं पान वाचलं नाही. आई शिलाई मशीनवरून म्हणायची, "मला दाखव ना गं वाचून." पण आई काय, रोजच असते!

वर्गात मात्र माझे हाल. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याच्या पोटात म्हणून काही राहत नाही. रोज माझ्या कानाशी यायचा, "सांगू का शेवट?" मी कान दाबून धरायचे आणि नंतर त्याला सणसणीत चिमटा काढायचे.

वर्षाच्या शेवटच्या तासाला शाळेची पुस्तकं परत द्यायची होती. बाई म्हणाल्या, "आधी एकेकानं सांगा, वर्षभर काय शिकलात?"

पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "दुष्ट माणसालाही आई असते." सुताराचा पोरगा म्हणाला, "मोठ्यानं वाचताना रडू आलं, तर खोकायचं. कुणाला कळत नाही." सगळे हसले. बाई नाही हसल्या.

माझी पाळी आली. "मी काहीच शिकले नाही," माझा आवाज चढला. "मला एकाही गोष्टीचा शेवट माहीत नाही. बाबा पुढच्या महिन्यात येणार आणि पुस्तक आजच जाणार. झालं!" नको नको म्हणताना डोळे भरलेच.

भोंगा उभा राहिला. "बाई, मी तोंड बंद ठेवायला शिकलो. सगळे शेवट मला पाठ आहेत, पण हिला एकही सांगितला नाही. विचारा हवं तर."

वर्ग खदाखदा हसला. मला मेल्याचा पहिल्यांदाच राग आला नाही. बाईंनी सगळ्यांची पुस्तकं गोळा केली, माझं तेवढं बाकावर ठेवलं. "अर्धवट वाचलेलं पुस्तक मी परत घेत नाही," म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. खरखर फार होती. जहाज दुसऱ्याच बंदराकडे वळवलंय, येणं लांबलं. किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईनं मशीन थांबवली.

"असं कर," बाबा म्हणाले, "फोनवरच वाच. टाक एकदाचे सगळे शेवट वाचून. तू तरी किती वाट बघशील, बाळा?"

मी पुस्तक उघडलं. पान समोर होतं, अक्षर न् अक्षर दिसत होतं. पण वाचून संपवलं, तर बाबांसाठी मी राखलं काय?

"बाबा, पान फाटलंय."

आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

"एकच?" बाबांनी विचारलं.

"नाही. सगळ्या गोष्टींची शेवटची पानं फाटलीत."

मग बाबा म्हणाले, "बरं. हात लावू नकोस त्यांना. मी आलो की दोघं मिळून चिकटवू."

आणि बाबा खोकले. बराच वेळ खोकत राहिले.